पहिली कादंबरी: आराखडा किती करायचा आणि पहिलं प्रकरण कुठून उघडायचं

पहिली कादंबरी पहिल्या पानावर क्वचितच अडते. अडते ती १५ ते २० हजार शब्दांच्या आसपास. तोवर सुरुवातीचा उत्साह असतो, मनात घोळणारे दोन-चार प्रसंग असतात, त्यांच्या जोरावर पानं भरत जातात. ते संपले की पुढं काय लिहायचं हेच कळेनासं होतं. नवा लेखक मग प्रतिभेला दोष देतो. खरं तर लिहायला बसण्याआधी घ्यायचे काही निर्णय राहून गेलेले असतात: गोष्ट कोणाची, त्या माणसाला काय हवंय, ते न मिळाल्यास काय जाईल, आडवं कोण येणार आणि शेवटी काय होणार. एवढं ठरवायला दोन-तीन आठवडे पुरतात. आराखडाच सहा महिने चालला असेल, तर ती लिखाणाची टाळाटाळ आहे असं समजा.

विषयापासून गोष्टीपर्यंत

"मला जमिनीच्या वादांवर लिहायचंय" हा विषय झाला. विषयावर लेख होतो. कादंबरीला माणूस लागतो, आणि त्या माणसाला ठरावीक मुदतीत काहीतरी मिळवायचं असावं लागतं. तुमची कल्पना दोन वाक्यांत मांडून बघा. पहिल्या वाक्यात कोणाला, कधीपर्यंत, काय हवंय. दुसऱ्यात कोण आडवं येतं आणि हरल्यास काय गमवावं लागेल. दोन्ही मिळून चाळीसेक शब्द. यात "शोध घेते", "संघर्ष करतो", "स्वतःला सापडते" असले शब्द आले, तर नेमकी कृती अजून ठरलेली नाही. डोळ्यांना दिसेल असं काम लिहा.

एक उदाहरण सोबत ठेवू. सुनंदा मोजणीदार आहे. दोन शेजाऱ्यांच्या वादात हद्द मोजून १५ दिवसांत नकाशा सादर करायचं काम तिच्याकडे आलंय. मोजताना कळतं की हद्दीचा दगड कोणीतरी फार पूर्वी सरकवलाय. एक हद्द चुकली की त्या ओळीतल्या पुढच्या सगळ्या चुकतात, आणि ओळीतल्या तिसऱ्या घरात तिची आई राहते.

इथं चाणाक्ष वाचक लगेच दोन प्रश्न विचारेल. आईचं घर ज्या ओळीत आहे, तिथलं काम सुनंदाला दिलंच कसं? आणि कळल्यावर ती ते सोडून का देत नाही? आराखड्याचा खरा उपयोग हाच: असे प्रश्न १० ओळींच्या टप्प्यावर सुटतात, २०० पानांनंतर सुटत नाहीत. पहिल्याचं उत्तर: घर मामाच्या नावावर आहे, म्हणून कार्यालयाला नातं ठाऊक नाही. दुसऱ्याचं: काम सोडायचं तर कारण द्यावं लागेल, आणि कारण दिलं की दगडाची गोष्ट दुसऱ्याच दिवशी बाहेर येईल. दोन्ही उत्तरं नुसती भोकं बुजवत नाहीत, कथेला एक नवं पात्रही देतात. नायकाला "हे सोडून घरी का जात नाहीस?" असं विचारायची सवय लावून घ्या. पटणारं उत्तर मिळालं नाही, तर मधली १०० पानं कृत्रिम वाटणार हे नक्की.

आडवं येणारी शक्ती शक्यतो माणूस असावी. गरिबी, रूढी, व्यवस्था हे सगळं खरं असलं, तरी ते दार ठोठावून आत येत नाही आणि बोलत नाही. त्यांचा कोणी प्रतिनिधी हवा. आणि त्याच्या बाजूनं त्याचं बरोबर असायला हवं. दगड मामानं सरकवला, विधवा बहिणीला छप्पर मिळावं म्हणून. आता मामाला खलनायक म्हणता येत नाही, आणि सुनंदाच्या प्रामाणिकपणालाही वाचक डोळे झाकून टाळ्या वाजवणार नाही. कादंबरीची लांबी पेलायला अशी दुहेरी ओढ लागते.

पात्रांसाठी शंभर प्रश्नांच्या तयार प्रश्नावल्या भरत बसू नका. आवडता रंग आणि जन्मरास यातून एकही प्रसंग निघत नाही. प्रत्येक मुख्य पात्रासाठी चार ओळी पुरतात: त्याला काय हवंय, कशाची भीती आहे, स्वतःशी कोणतं खोटं बोलतो, आणि कोंडीत सापडल्यावर काय करतो. सुनंदाचं खोटं असं: मोजलं की भांडण मिटतं. कोंडीत सापडली की ती बोलणं थांबवते आणि आकडे पुन्हा तपासते. मुख्य पात्रं तीन ते पाच असावीत. नावांची पहिली अक्षरं वेगवेगळी ठेवा. सुनंदा, सुलभा आणि सुरेश एकाच घरात आले की वाचक मागं पानं उलटत बसतो.

शेवट आधी, मग मागं मागं

शेवट ठाऊक नसताना सुरुवात करणारे लेखक आहेत आणि त्यातले काही उत्तम लिहितात. पहिल्याच कादंबरीला मात्र ती वाट निवडू नये. शेवटाचा प्रसंग कच्चा का होईना, लिहून ठेवा. नंतर बदलला तरी चालेल. सुनंदा खरा नकाशा सादर करते. आई स्वतः घर सोडते आणि मुलीला माफ करत नाही.

आता इथून मागं चला आणि प्रत्येक पायरीवर विचारा, "हे घडायला त्याआधी काय घडलेलं असायला हवं?" खरा नकाशा देण्याला किंमत यायची, तर खोटा देण्याची सोपी संधी तिला मिळालेली असावी. ती संधी कोण देणार? मामा, जुन्या मोजणीची बनावट नक्कल आणून. तिला दगडाचं कळलंय हे मामाला ठाऊक असल्याशिवाय तो नक्कल कशाला आणेल? म्हणजे तिनं कोणाला तरी विश्वासात घेतलेलं असणार आणि तिथून बातमी फुटलेली असणार. कार्यालयातला एखादा सहकारी. तो आधी वाचकालाही भला वाटायला हवा, म्हणून पहिल्या चतुर्थांशात त्यानं सुनंदाला खरीखुरी मदत केलेला एक प्रसंग लागेल. बघता बघता पाच प्रसंग हाती आले, आणि एकही उगाच नाही.

मध्याशी एक मोठं वळण ठेवा, जे नुसतं संकट वाढवत नाही तर आधीच्या घटनांचा अर्थ बदलतं. इथं ते असं: आईला दगडाचं पहिल्यापासून माहीत होतं. आतापर्यंत सुनंदा आईला वाचवायला बघत होती; यापुढं तिला आईशीच बोलायचंय. मध्यावर असं काही नसेल, तर दुसरा अर्धा भाग पहिल्याचीच पुनरावृत्ती होतो.

आकड्यांचा हिशेब आणि प्रसंगांच्या चिठ्ठ्या

पहिल्या कादंबरीसाठी ५० ते ७० हजार शब्दांचा पल्ला धरा. ६० हजार शब्द म्हणजे सरासरी १,५०० शब्दांचे ४० प्रसंग. दिवसाला ५०० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, असं लिहिलं तर आठवड्याला २,५०० शब्द होतात आणि पहिला खर्डा २४ आठवड्यांत हाती येतो. दिवसाला २,००० शब्दांचं व्रत घेणारे बहुतेक दुसऱ्या आठवड्यात गळतात, कारण एक दिवस चुकला की थकबाकी चढते आणि ती बघूनच बसावंसं वाटत नाही. लक्ष्य लहान ठेवा आणि चुकलेल्या दिवसाची भरपाई करू नका.

प्रसंगांसाठी पोस्टकार्डाच्या आकाराचे कागद घ्या, वही नको. चिठ्ठ्या हलवता येतात, फाडता येतात, मधे नवी घालता येते. प्रत्येकीवर चार ओळी: कोण, कुठं आणि कोणत्या दिवशी; या प्रसंगात कोणाला काय हवंय; मिळालं की नाही; प्रसंग संपताना काय बदललं. चौथी ओळ लिहिता येत नसेल तर तो प्रसंग नाही, ती माहिती आहे, आणि माहिती दुसऱ्या एखाद्या प्रसंगात दोन वाक्यांत जाते.

चिठ्ठ्या ओळीनं मांडल्यावर शेजारच्या दोघींमध्ये कोणता शब्द बसतो ते बघा. "म्हणून" किंवा "पण" बसला, तर साखळी जुळली. "आणि मग" एवढंच बसत असेल, तर मधला दुवा तुटलेला आहे. सुनंदा आईकडे जेवायला गेली, आणि मग दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेली: ही दिनदर्शिका झाली. सुनंदानं आईला घराची कागदपत्रं मागितली, पण आईनं ती हरवल्याचं सांगितलं, म्हणून सुनंदा जुन्या नोंदी काढायला कार्यालयात गेली: इथं पान उलटावंसं वाटतं.

सगळ्या ४० चिठ्ठ्या सुरुवातीलाच भरायचा हट्ट नको. सुरुवात, मधलं वळण, शेवट, बनावट नक्कलेसारखे चार-पाच टप्पे, आणि तुम्ही जिथं आहात तिथून पुढचे पाच प्रसंग इतकं पक्कं असलं की पुरे. बाकीच्या चिठ्ठ्यांवर एकेक ओळ असली तरी भागतं. पूर्ण तपशील आधीच ठरला की लिहिताना काही सापडायचं उरत नाही, आणि तो कंटाळा वाक्यांत उतरतो.

एक तक्ता मात्र टाळू नका. उभ्या रकान्यात वर्षं, आडव्या ओळींत पात्रं, आणि प्रत्येक चौकटीत त्या वर्षीचं वय. दगड सरकला त्याला २२ वर्षं झाली आणि सुनंदा आज ३५ची असेल, तर तेव्हा ती १३ वर्षांची होती, म्हणजे तिला काहीतरी आठवायलाच हवं. या एका वजाबाकीतून एक अख्खा प्रसंग मिळतो. कथेतल्या १५ दिवसांचेही वार लिहून ठेवा, नाहीतर कार्यालय रविवारी उघडं राहतं.

अभ्यासाचीही हीच गत. मोजणीचं सगळं शास्त्र शिकायला गेलात तर वर्ष जाईल. चिठ्ठ्यांमधून लागणाऱ्या गोष्टींचीच यादी काढा: साधनं कोणती, सोबत किती माणसं लागतात, चूक कशी पकडली जाते, कामावरचे लोक कोणते शब्द वापरतात. त्या कामातल्या माणसाशी दोन तास बोललात तर बरंच हाती लागतं. लिहिताना एखादा तपशील अडला तर कंसात "तपासणे" लिहून पुढं जा. शोधायला म्हणून इंटरनेट उघडलं की ती बैठक संपली.

कोण सांगतंय

निवेदन प्रथमपुरुषी ठेवायचं, की तृतीयपुरुषी पण एकाच पात्राच्या मनाला धरून, की सगळ्यांच्या मनातलं जाणणारं? पहिल्या कादंबरीला दुसरा पर्याय सगळ्यात सुरक्षित. सर्वसाक्षी निवेदनाला पक्का हात लागतो. नवख्याकडून एकाच परिच्छेदात तीन मनांत उड्या पडतात आणि वाचक कोणाच्याच जवळ राहत नाही.

मराठीत या निवडीचे परिणाम थेट क्रियापदांत दिसतात. "मी पाहिलं" यावरून सांगणारा पुरुष की बाई कळत नाही, पण "मी गेले" म्हणताच कळतं. निवेदकाची ओळख लपवून ठेवायची योजना असेल तर ती इथं फसते, तेव्हा आधी दोन पानं लिहून बघा. तृतीयपुरुषात आदरार्थी रूपं सांभाळावी लागतात. सुनंदाला धरून लिहिताना "मामा आले, बसले". तेच प्रकरण आईच्या मनातून आलं तर धाकटा भाऊ म्हणून "शंकर आला, बसला". अशा वेळी "आले" आणि "आला" मिसळले, तर दृष्टिकोन नकळत घसरल्याची ती खूण असते. कोण कोणाला तू म्हणतं, कोण तुम्ही, याची छोटी यादी चिठ्ठ्यांबरोबर ठेवा. कथेत एखाद्या ठिकाणी तुम्हीचं तू झालं तर तो प्रसंग असतो. यादी नसेल तर ती चूक असते.

निवेदनात "केले, गेले, सांगितले" ठेवायचं की "केलं, गेलं, सांगितलं", तेही पहिल्या दिवशी ठरवा. दोन्ही चालतात, मिसळ चालत नाही. बोली वापरायची असेल तर ती कानाला पक्की ओळखीची असावी. ऐकीव बोलीत लिहिलेले संवाद त्या भागातला वाचक दोन ओळींत पकडतो. काळ भूतकाळच ठेवा. वर्तमानकाळातलं निवेदन लघुकथेत खुलतं, पण ६० हजार शब्दांत त्याचा ताण जाणवू लागतो.

पहिलं प्रकरण

नवख्यांच्या सुरुवाती एकमेकींसारख्या असतात: गजर वाजतो, तांबडं फुटतं, पाऊस पडतो, स्वप्नातून दचकून जाग येते, आरशात बघून रंगरूपाचं वर्णन होतं, आणि मग तीन पिढ्यांचा इतिहास. कारण सोपं आहे. लेखक स्वतःच अजून गोष्टीत शिरत असतो आणि ती तयारी पानावर सांडते. लिहा, हरकत नाही. पुढच्या खर्ड्यात ही पानं काढायची आहेत एवढं ध्यानात असू द्या.

सुरुवात शोधायची युक्ती अशी: रोजचं आयुष्य ज्या क्षणी मोडतं तो क्षण धरा आणि त्याच्या पाच-दहा मिनिटं आधी प्रसंग उघडा. त्याहून आधी नको. अगदी त्याच क्षणीही नको, कारण काय मोडलं हे कळायला आधीचं थोडं दिसावं लागतं. तुलना करा.

"सकाळचे सहा वाजले होते. पक्ष्यांचा किलबिलाट सुरू झाला होता. सुनंदानं डोळे उघडले. आज तिला एका महत्त्वाच्या कामाला जायचं होतं. पस्तिशीची सुनंदा दिसायला सावळी पण तरतरीत होती. तिचे वडील ती लहान असतानाच वारले होते."

आणि हे:

"सुनंदानं टेप तिसऱ्यांदा ताणली. नकाशात अकरा मीटर, जमिनीवर साडेनऊ.
'किती भरलं?' कट्ट्यावरून म्हाताऱ्यानं विचारलं.
'थांबा.'
'मघाशीपण थांबाच म्हणालात.'
तिनं आकडा लिहिला नाही. वही मिटली आणि दगडाशी खाली बसली."

दुसऱ्यात तिचं वय नाही, रूप नाही, भूतकाळ नाही. तरी ती काम जाणते, खात्री झाल्याशिवाय बोलत नाही आणि काहीतरी बिनसलंय, हे सगळं कळतं. तिनं आकडा का लिहिला नाही, या प्रश्नावर वाचक पुढं सरकतो. तिसऱ्या घरात आई राहते ही माहिती इथं अजिबात द्यायची नाही. ती प्रकरणाच्या शेवटच्या ओळींसाठी राखून ठेवा.

पहिल्या ३०० शब्दांत दोनपेक्षा जास्त नावं नकोत. पहिल्या प्रकरणात भूतकाळ फार तर चार-पाच वाक्यं, तीही सुटी सुटी, हातातल्या कामामुळे आठवावीत अशी. प्रकरण दीड ते अडीच हजार शब्दांचं पुरे. संवादात "उद्गारली, उत्तरली, वदली" असा फेर धरू नका. "म्हणाली" वाचकाच्या डोळ्यांना खुपत नाही, आणि कोण बोलतंय ते उघड असेल तिथं तेही नको. प्रस्तावनेसारखं "वीस वर्षांपूर्वी" असं वेगळं प्रकरण जोडायचा मोह होईल. बहुतेकदा ते पहिलं प्रकरण मंद आहे म्हणून सुचतं, तेव्हा डागडुजी पहिल्या प्रकरणाचीच करा.

लिहायला लागल्यावर

पहिलं प्रकरण झालं की ते परत वाचू नका, निदान १० प्रसंग होईपर्यंत. पहिलं प्रकरण पंधरा वेळा घासून दुसरं कधीच न लिहिलेल्या कादंबऱ्या घरोघरी पडून आहेत. मधेच लक्षात आलं की सहकारी पुरुषाऐवजी बाई हवी होती, तर मागं जाऊन बदलू नका. दुरुस्तीच्या वेगळ्या वहीत नोंद करा, "प्रसंग ३, ७, ९: सहकारी बाई करणे", आणि पुढचा प्रसंग ती पहिल्यापासून बाई होती असं धरून लिहा.

रोजची बैठक प्रसंगाच्या मधोमध थांबवा, पुढचं वाक्य ठाऊक असताना. प्रसंग पुरा करून उठलात तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागतं. टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटांतला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडताना किंवा प्रकाशकाला पाठवताना जोडाक्षरं बिघडतात. दर आठवड्याला तारीख घालून नवी प्रत दुसरीकडे साठवा आणि जुनी पुसू नका.

१५ हजार शब्दांवर गाडी अडलीच, तर शेवटचे तीन प्रसंग समोर घ्या. बहुधा तिन्हींत नायकाला काही ना काही सोसावं लागलेलं असतं आणि त्यानं स्वतः काहीच केलेलं नसतं. असं असेल तर तिसरा प्रसंग बाजूला ठेवा आणि त्या जागी नायकाला एक चुकीचा निर्णय घेऊ द्या: सुनंदा रात्री जाऊन दगड परत मूळ जागी सरकवायला बघते आणि कोणीतरी पाहतं. दुसरं कारण, आडवं येणारं पात्र फार वेळ गायब असतं. मामा सलग सहा प्रसंग दिसला नसेल, तर सातव्यात त्याला दारात उभा करा. तिसरं म्हणजे नव्या कादंबरीची कल्पना सुचणं. ती याच सुमारास हमखास सुचते. तिची एक पानभर नोंद करा, पाकिटात घाला आणि चालू प्रसंगाकडे वळा.

पाव कादंबरी, म्हणजे साधारण १५ हजार शब्द पूर्ण झाले की चिठ्ठ्या पुन्हा मांडा. लिहिताना पात्रं थोडी बदललेली असतात, तेव्हा पुढच्या चिठ्ठ्यांतल्या काही फाडाव्या लागतील. खर्डा पुरा होईपर्यंत कोणाला वाचायला देऊ नका. झाल्यावर दोघा-तिघांना द्या, आणि "कसं वाटलं?" असं न विचारता "कुठं वाचायचं थांबवावंसं वाटलं?" असं विचारून पानांचे आकडे लिहून घ्या. दोघांचे आकडे जुळले की दुसरा खर्डा तिथून सुरू करा.